दारफळणीची कोंबडी

आदिनाने बोटाच्या पेरांनी टेबलाच्या कडेवर तीनदा ठकठक केलं आणि लॅपटॉपकडे बघत म्हणाली, "तेच ना सर, चिमणी दार का उघडत नाही?" मी मोड आलेले वाल सोलत बसले होते. एक दाणा सालीतून निसटला आणि फ्रिजखाली गेला. मी तो शोधायला वाकले नाही. वाकले असते तर उठताना माझं तोंड तिला दिसलं असतं, आणि माझं तोंड कोणी नको तेव्हा पाहिलेलं मला आवडत नाही. विचार करताना हाताखाली येईल ते वाजवायची तिला सवयच आहे, बापासारखी. पण ते टेबल साधं नाही. ते दार आहे. जुन्या घराचं सागवानी दार माझ्या मुलाने, डॅनियलने, बिल्डरच्या माणसांकडून सोडवून आणलं, रंधा मारला, वर काच टाकली, खाली लोखंडी पाय लावले आणि खांदा कॉलनीतल्या या सहाव्या मजल्यावर त्याचं जेवणाचं टेबल केलं. काचेखाली कडीची भोकं अजून दिसतात. आलेल्या-गेलेल्याला डॅनियल ती बोट लावून दाखवतो. त्या लाकडावर बाहेरून माणसाचा हात पडला की कसा आवाज येतो, ते या घरात फक्त मला ठाऊक आहे. चाळीस वर्षांनी तो आवाज माझ्याच नातीने काढला, आणि वर विचारते, का उघडत नाही.

आदिना माझ्या डॅनियलची धाकटी. चांगली कंपनीतली नोकरी सोडून गोष्टी लिहायला शिकते आहे. माझ्या वेळी गोष्टी शिकायला शिकवणी लागत नव्हती, पण माझ्या वेळी वाल सोलायलाही लागत नव्हती, आणि ते हिला येत नाही. तिचे शिकवणारे सर, कृष्णकांत म्हणून आहेत, पुण्याहून लॅपटॉपमध्ये येतात. कानात सारखं काहीतरी खुपसलेलं, मागे पुस्तकांची भिंत. छोट्या सिनेमाची गोष्ट शुक्रवारपर्यंत पाठवायची होती, आणि हिने घेतली कोणती, तर मराठी घरात जन्मलेल्या पोराला घास भरवताना सांगतात ती. कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं मेणाचं. पाऊस आला, शेण वाहून गेलं, कावळा चिमणीच्या दारात. चिमणी आतून सांगते, थांब, बाळाला न्हाऊ घालते. थांब, बाळाला काजळ घालते. थांब, थांब, थांब. सर म्हणाले, "आदिना, जगाला माहीत असलेली गोष्ट घेतली की पाया पक्का लागतो. तुझा पाया कच्चा आहे. ती त्याला घेत नाही, याला काहीतरी मोठं कारण पाहिजे. सबळ कारण दे, गोष्ट उभी राहील." मग दोघांनी मिळून कारणं काढायला सुरुवात केली. चिमणीला लहानपणी कावळ्याने चोच मारलेली. चिमणीचा नवरा मारकुटा, त्याला भिऊन उघडत नाही. कावळाच मुळात वाईट चालीचा. मी ऐकत होते आणि वाल माझ्या हातून सालीसकट वाटीत पडत होते.

"चिमणीला आजारपण द्या एखादं," मी म्हटलं. "मूळव्याध द्या. उठवत नसेल तिला."

"आजी!" आदिना ओरडली. तिकडे सर हसले. "आजी आहेत का? आजी, तुम्हीच सांगा, का उघडत नसेल?"

"मी काय सांगणार. मी चौथी शिकलेली बाई. तुम्ही पुस्तकं वाचलेली, मागे लावलीत ती."

तेव्हाच आदिनाच्या डोळ्यांत ते लकाकलं. मला कळलं काय येणार ते, जसं दुधाचं कळतं, वर यायच्या आधी कडेला हलतं तेव्हा. "सर! आमच्याच घरात आहे कारण! माझ्या आजीची गोष्ट आहे एक." आणि ती सांगायला लागली.

ती गोष्ट आमच्या घरात कोणाला सांगायची राहिलेली नाही. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले यहुदी. पनवेलला आमचा मोहल्ला होता, तळं आहे, सिनेगॉग आहे, माणसं बहुतेक गेली. आता सगळे किप्पूरचा उपास म्हणतात, माझी सासू दारफळणीचा सण म्हणायची. त्या दिवशी घरं आतून लावून घ्यायची. पांढरे कपडे, पोटात अन्न नाही, पाणी नाही, बाहेरच्याचा स्पर्श नाही, संध्याकाळपर्यंत दार म्हणून उघडायचं नाही. दुसरा दिवस शिळा सण, तेव्हा दार सताड उघडायचं आणि गरिबाला वाढायचं. गावातल्या लोकांना पाठ होतं. त्या दिवशी दूधवालासुद्धा गल्लीत येत नसे. तर गोष्ट अशी की डॅनियल नववीत असताना दारफळणीच्याच दिवशी गाढी नदीला पूर आला. पुरुष सकाळपासून सिनेगॉगमध्ये, तिथेच अडकले. घरात मी आणि माझी पाच वर्षांची लेक रिना. पाणी तिसऱ्या पायरीला लागलं. लोक दार वाजवत होते, हाका मारत होते, चला बाहेर, चला बाहेर. आणि हेप्झिबाने, म्हणजे मी, कडी काढली नाही. पाण्याचा घोट घेतला नाही. तोंडातून शब्द काढला नाही. संध्याकाळी पाणी उतरलं, नवरा आला, तेव्हा दार त्याने लावून दिलं होतं तसंच्या तसं. देवाने पाणी तिसऱ्या पायरीवरच थांबवलं. माझ्या नवऱ्याने, जोशुआने, ही गोष्ट मरेपर्यंत दर वर्षी उपास सुटताना सिनेगॉगच्या अंगणात सांगितली. तो गेल्यावर डॅनियल सांगतो. तिकडे इस्राएलला, अश्दोदला, रिना आपल्या पोरांना सांगते, आणि ती पोरं व्हिडिओवर मला बघून गप्प होतात, जसं काही मी भिंतीवरचा फोटो आहे.

"वा," कृष्णकांत सर म्हणाले. "आदिना, हेच. चिमणीचा उपास आहे. व्रत आहे. तिचा धर्म आणि तिची दया, या दोन्हींत ती सापडली आहे. आता पाया पक्का झाला." आदिनाने माझ्याकडे पाहून दोन्ही हातांनी बदाम करून दाखवला. मी वाटी उचलली आणि मोरीत जाऊन नळ सोडला. नुसताच सोडला.

जोशुआने आयुष्यात माझं एकदाच कौतुक केलं. तो बंदरावरच्या ऑफिसात कारकून, मॅट्रिक, सही इंग्रजीत. मी अलिबागेकडची, बापाचा तेलाचा घाणा, सासू मला नावाने हाक मारायची नाही, घाण्यावरची म्हणायची. घाण्यावरचीला सांगा, घाण्यावरचीने मीठ जास्त टाकलं. माझं माहेर एका वर्षात उठून इस्राएलला गेलं. भाऊ, वहिन्या, आई, सगळे. गावचं घर विकलं. मला विचारलं, तुला काय पाहिजे? मी म्हटलं, दार. हसले सगळे. पण मी ट्रकमधून आणलं ते, सुतार बसवून लावून घेतलं, चौकटीला मेझुझा, आमच्या प्रार्थनेची डबी, ठोकला. लोकांच्या माहेरी अंगण असतं, विहीर असते, पेरूचं झाड असतं. माझ्या वाट्याला माहेर म्हणून दारच आलं. ते बसवून आठ दिवस झाले होते आणि दारफळणी आली. सासू दोन वर्षांपूर्वी वारलेली. घरात मीच थोरली. पहिल्यांदा त्या घराला असं दार होतं जे मी आतून लावलं की लागायचं, जाड, घट्ट, फट नाही, उजेडाची रेघसुद्धा नाही. सकाळी जोशुआ आणि डॅनियल पांढरे कपडे घालून गेले, मी कडी घातली, आणि पाठ दाराला लावून उभी राहिले. पाठीला लाकूड गार लागत होतं. बापाच्या घरचा तेलाचा वास अजून त्यात होता. मला वाटलं, आता मी आत आहे. एवढी वर्षं त्या घरात राहून मी आत नव्हते, त्या सकाळी होते. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. सांगण्यासारखं काय आहे त्यात? बाई घरात असतेच.

संध्याकाळी जोशुआ आला तेव्हा कमरेपर्यंत चिखल. मी कडी काढली. त्याने दार पाहिलं, कोरड्या फरशा पाहिल्या, माझे सुकलेले ओठ पाहिले, आणि लग्नाला पंधरा वर्षं झालेला तो माणूस म्हणाला, "हेप्झिबा, तुझ्यासारखी बाई मोहल्ल्यात नाही." घाण्यावरची नाही, हेप्झिबा. मी तोंड उघडलं होतं सांगायला. खरंच उघडलं होतं. ते मी पाणी पिऊन बंद केलं.

"आजी, बाहेर ये ना, सर विचारतायत," आदिना मोरीच्या दारात. "ते म्हणतात, नेमकं दार कोण वाजवत होतं? आपल्या गोष्टीत लोक आहेत, लोक म्हणजे कोण? कावळा एकच पाहिजे."

चाळीस वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. जोशुआने नाही, डॅनियलने नाही. सिनेगॉगच्या अंगणात उभं राहून शंभर माणसांनी ती गोष्ट ऐकली, आणि दार वाजवणाऱ्याला नाव आहे का हे एकाने विचारलं नाही. पुण्याच्या त्या कानात काहीतरी खुपसलेल्या माणसाने विचारलं. मला त्याचा राग यायला हवा होता. मी हात पुसले आणि बाहेर आले. सर आता रंगात आले होते. म्हणत होते, कावळ्याच्या जागी बाई घेऊ, तिच्या हातात पिल्लू देऊ. चिमणी व्रतामुळे दार उघडत नाही, आणि पिल्लू बाहेर पावसात मरतं. "म्हणजे प्रेक्षक हादरेल. आणि शेवटी कावळीने येऊन चिमणीला क्षमा करायची. तुझा दोष नव्हता, तुझा धर्म होता, असं काहीतरी."

"पोर मेलं नाही," मी म्हटलं.

आदिनाने मान वळवली. "काय?"

"पोर मेलं नाही. जगलं. रमेश नाव त्याचं. न्हावा शेव्याला कंटेनरची गाडी चालवतो, नाहीतर चालवायचा. तुम्हाला पोर मारून कशाला पाहिजे? मेलं म्हणजे सोपं जातं का तुम्हाला? मग चिमणीने डोळ्याला पदर लावायचा, लोकांनीही लावायचा, आणि सगळ्यांनी घरी जाऊन जेवायचं."

लॅपटॉपमधून सर काहीतरी बोलले, ते अडकलं, त्यांचं तोंड अर्धवट उघडं राहिलं. आदिनाने त्यांना तसंच मिटलं. लॅपटॉप दारावर खाली बसला. "आजी, कोण रमेश?"

मी खुर्चीत बसले. काचेवर हात ठेवला. काचेवर माझ्या हाताचा दमट ठसा उमटला, मी उचलला तरी थोडा वेळ तिथेच राहिला.

कमळीचा. देवजीची कमळी. नदीच्या काठाला वीटभट्टीच्या मागे कातकऱ्यांच्या सहा-सात झोपड्या होत्या, त्यातली एक तिची. कारवीच्या काठ्या, वर शेण-मातीचा गिलावा. म्हणजे बघ, तुझ्या कावळ्याचं घर शेणाचं आहे, ते मला कोणी गोष्टीत सांगायला नको. भट्टीचं काम नसलं की कमळी माझ्याकडे यायची, लाकडं फोडायची, भांडी घासायची, मागच्या पडवीत तिचा कोयता टांगलेला असायचा. बडबडी. तिच्या बोलीत अहो-जाहो नाही, मला बाय म्हणायची आणि वर अगंतुगं. सासू असताना सासू तिच्यावर खेकसायची, तेव्हा ती माझ्याकडे बघून डोळा मिचकवायची. मला त्या घरात डोळा मिचकवणारं दुसरं कोणी नव्हतं. दुपारी दोनचा सुमार असेल. रिना झोपलेली. मी तोंडाने प्रार्थना म्हणत होते, म्हणजे पाठ होती तेवढी, पुन्हा पुन्हा. दार वाजलं. तीनदा. हाताने नाही, पेरांनी, कारण तिच्या दुसऱ्या हातात पोर होतं. "बाय, दार उगड. घर गेला माजा. पोराला तरी घे आत, मी भायेर रातंय."

गोष्टीत मी शब्द काढला नाही. मी काढला. मी म्हटलं, "थांब, आज सण आहे आमचा." ती म्हणाली, "ठावं हाय बाय, पन पानी थांबत नाय." मी म्हटलं, "थांब, मालक घरात नाहीत." ती म्हणाली, "मालक कशाला, मना तू हायस ना." मी म्हटलं, "थांब, पोर झोपली आहे."  मला तिचा श्वास ऐकू येत होता. दार जाड होतं, ऐकू यायला नको होता, पण मी कान लावला होता. हो, कान लावून उभी होते. इकडे मी, तिकडे ती, मध्ये माझं माहेर. मला तिची दया आली का? आली असेल. पण जे मला स्पष्ट आठवतं ते दुसरंच आहे. नव्या दाराला बाहेरून चिखल लागत असेल, हे मला आठवतं. घासलेल्या फरशीवर तिच्या पायांचे ठसे कसे उमटतील, ते मी आधीच बघत होते. आणि कोणीतरी बाहेर उभं आहे, मी आत आहे, आणि माझ्या हातात कडी आहे, याची एक ऊब. थंडीत चुलीपाशी पाठ करून बसल्यावर येते तशी. आयुष्यभर मी दारांच्या बाहेर उभी राहिलेली बाई. सासूच्या खोलीच्या, वहिन्यांच्या कुजबुजीच्या. एकदा मी आत होते, आणि मला ते आवडलं.

"पण उपास होता ना, आजी," आदिना हळूच म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "नियम होता. तू काय करणार?"

नातवंडं अशी असतात. पांघरूण घेऊन धावतात. मला पांघरूण नको होतं.

मी तिला सांगितलं. दाराशी उभी असताना मागून ओरडण्याचा आवाज आला. मागच्या अंगणात डालग्याखाली माझी कोंबडी होती, तांबडी, अकरा पिल्लं घेऊन. पाणी डालग्यात शिरलं होतं. मी मागचं दार उघडलं. एका क्षणात उघडलं, सण आठवला नाही, नियम आठवला नाही, तोंडातली प्रार्थना अर्धी. पांढरं लुगडं घोट्यापर्यंत चिखलात, मी डालगं उचललं, कोंबडी काखेत धरली, पिल्लं ओच्यात भरली, आत आणली, मोरीत गोणपाटावर सोडली आणि मागची कडी घातली. अकराच्या अकरा जगली. मग मी पुढच्या दाराशी परत आले. कान लावला. पण त्यानंतर दार वाजलं नाही. मी स्वतःला म्हटलं, गेली असेल शाळेच्या व्हरांड्यात. शाळेच्याच व्हरांड्यात गेली होती. लुगडं धुऊन वाळत टाकलं. जोशुआ आला तेव्हा मी दुसरं पांढरं नेसले होते. त्याच्या लक्षात आलं नाही, पुरुषांच्या येत नाही.

 खाली कोणाची तरी गाडी मागे घेताना टुंईटुंई करत होती. आदिना म्हणाली, "हे मी लिहू?"

"लिही. नुसतं व्रत लिहिशील तर तुझी चिमणी दुबळी होईल. बिचारी होईल. मी बिचारी नव्हते. माझ्या हाताला दार उघडता येत होतं, तेव्हाच्या तेव्हा येत होतं, हे लिही. सर विचारत होते ना सबळ कारण? कोंबडी लिही. आणि कावळी क्षमा-बिमा करत नाही."

"मग काय करते?"

दुसऱ्या दिवशी शिळा सण. दार सताड उघडं, बाहेरची बाजू मी पहाटेच पुसली होती. चिखलात पाच बोटांची पेरं उमटली होती, ती पुसली. अंगणात पुराने घर गेलेली माणसं बसलेली, मी गोड पुऱ्या वाढत होते. जोशुआ खुर्चीवर बसून शेजाऱ्यांना गोष्ट सांगत होता, पहिल्यांदा, गरम गरम. कमळी रांगेत बसली नाही. पोराला पाठीशी बांधून सरळ माझ्यापर्यंत आली. मी तिच्यापुढे ताट धरलं. तिने ताटाकडे पाहिलंच नाही. म्हणाली, "माजा कोयता दे." मी पडवीतून आणून दिला. तिने धारेवर अंगठा फिरवून पाहिला, कमरेला खोवला, आणि जोशुआला ऐकू जाणार नाही एवढ्याच आवाजात म्हणाली, "कोंबरी आत घेतलीस ती मी बगली, बाय. कुपाच्या पल्याड उभी व्हती मी." एवढंच. शिवी दिली नाही, रडली नाही. जाताना एकदा वळली, मला वाटलं डोळा मिचकावते की काय, पण ती पोराच्या डोक्यावरून फडकं सारखं करत होती. पुन्हा माझ्या दारात आली नाही. पुढे बऱ्याच वर्षांनी तिचा नवरा देवजी एकदा मोहल्ल्यात चुना लावायला आला होता, त्याच्याकडून पोराचं कळलं. विचुंब्याच्या पलीकडे गेलेत म्हणाला. तिथे आता वीस-वीस मजले आहेत, वाडी कुठे असायची. मी शोधायला गेले नाही. काय सांगणार होते? चुकले म्हणून? ते तिला आधीच माहीत होतं. मला बरं वाटावं म्हणून तिला पुन्हा तिथे उभी करायची? तेवढी लाज मला आहे.

गुरुवारी आदिनाने लिहून पाठवलं. सरांचा निरोप आला तो तिने वाचून दाखवला, की कोंबडी जबरदस्त आहे, पण अशी चिमणी कोणाला आवडणार? तिने उत्तर काय पाठवलं तेही दाखवलं. "नाही आवडली तरी चालेल, ती माझी आजी आहे." मी म्हटलं, "मराठी बरं लिहितेस, वाल सोलायला शीक."

राहिला डॅनियल. पुढच्याच आठवड्यात सण आला. चोपन्न वर्षांचा माझा मुलगा, सिनेगॉगच्या कमिटीवर, पांढरा सदरा-लेंगा घालून सकाळी तयार. मला आता एवढं चालवत नाही आणि त्या दिवशी गाडीत बसायचं नाही, म्हणून मी घरीच. आदिना पुढे निघून गेली होती. तो दारात चपला घालत म्हणाला, "आई, यंदा ठाण्याहून तरुण पोरं येणार आहेत बरीच. संध्याकाळी त्यांना तुझी गोष्ट सांगतो." आणि सवयीने, बापाच्याच आवाजात, "आतून कडी लाव."

"डॅनियल," मी म्हटलं, "त्या दिवशी मी दार उघडलं होतं."

तो चपलेत अर्धा पाय घालून थांबला. मी सगळं सांगितलं. कमळी, तीन वेळा थांब, कोंबडी. अकरा पिल्लं हेही सांगितलं. त्याचं कपाळ जोशुआसारखं लाल होत गेलं. "आई, उपाशी पोटी काय बोलते आहेस? बाबा खोटं सांगत होते का?"

"बाबांना जेवढं दिसलं तेवढं ते सांगत होते. मला जे दिसलं ते मी गिळलं."

"एवढ्या वर्षांनी कोणाला पाहिजे आहे हे? लोक तुला मानतात. रिनाची पोरं तुला मानतात. मोडायचं कशाला?"

"मी मोडते आहे का? दारालाच रंधा मारलास तू, मला मारू नको. सांगायची तर सांग, पण पूर्ण सांग. कमळीचं नाव घेऊन सांग. नाहीतर सांगू नको. अर्धी सांगितलीस तर पुढच्या वर्षी मला उचलून न्यायला लावेन, खुर्चीसकट, आणि अंगणात उभी राहून सांगेन. तेव्हा बस मग कमिटीत."

त्याने दुसरी चप्पल घातली.  सणाच्या दिवशी लिफ्ट वापरत नाही तो, जिन्याने गेला. मी ऐकत बसले. ऐकायची मला सवय आहे. पाचवा मजला, चौथा, तिसरा. तिसऱ्यावर पावलं थांबली. इतका वेळ थांबली की मला वाटलं, परत येतो. मग पुन्हा उतरायला लागली, आधीपेक्षा हळू, आणि मग रस्त्याच्या आवाजात मिसळली. तो संध्याकाळी काय सांगेल, ते त्याचं. मी माझं सांगून मोकळी झाले. मोकळी म्हणजे हलकी नाही. हलकं मला व्हायचंही नाही, जे उचललं ते माझं आहे.

मी खुर्ची ओढत दारापर्यंत आणली. बाहेरचं जाळीचं दार उघडलं, आतलं उघडलं, दोन्ही भिंतीला लावली आणि त्यांच्या पायाशी चप्पल सरकवली, म्हणजे वाऱ्याने आपटायला नकोत. पांढरं लुगडं नेसून, कोरड्या तोंडाने, उंबऱ्यावर पाय ठेवून बसले. समोर जिना. कोणी येणार नव्हतं. कमळी जिवंत असली तरी सहा मजले चढून माझ्याकडे कशाला येईल? ती यावी म्हणून मी बसलेही नव्हते. कुरियरवाला आला, माझ्याकडे पाहून चुकल्यासारखा वरच्या मजल्यावर गेला. मांजर येऊन वास घेऊन गेलं. फरशीवर जिन्यातली धूळ यायला लागली होती, मला दिसत होती, मी येऊ दिली.

दोनच्या सुमाराला समोरची अरुंधती बँकेतून अर्ध्या दिवसाने घरी आली. शेजाराला आमचा सण माहीत आहे, त्या दिवशी ती बेलसुद्धा वाजवत नाही. किल्ली काढता काढता थबकली. "अहो आजी, आज तुमचा तो बंद दाराचा दिवस ना? दार उघडं राहिलंय तुमचं. लावू का?"

"राहिलं नाही गं," मी म्हटलं. "ठेवलंय."